विहीर नदीकाठीच राहील, पण स्टार्टर का बुडावा?

आमच्या गावच्या नळयोजनेची विहीर वैनगंगेच्या अगदी काठावर आहे, आणि ती तिथेच असायला पाहिजे. उन्हाळ्यात पात्र आटतं, धार पार पलीकडच्या काठाला जाते, तेव्हाही या विहिरीला झरा असतो. मे महिन्यात आमच्या गावात टँकर येत नाही तो तिच्याच भरवशावर. त्यामुळे विहीर हलवा असं मी कधीच म्हटलं नाही. मला बोलायचं आहे ते विहिरीशेजारच्या पंपघराबद्दल, त्यातल्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला ठोकलेल्या लोखंडी डब्याबद्दल (पंप चालू करणारा स्टार्टर त्यातच असतो) आणि पंपघरामागे दोन खांबांवर बसवलेल्या डीपीबद्दल, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. या तिन्ही गोष्टी नदीच्या इतक्या जवळ असायची काही गरज नव्हती. बांधताना सोपं पडलं म्हणून त्या तिथे आल्या, आणि पुरात बुडाल्यावर पुन्हा तिथेच बसवल्या गेल्या.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातली. घरची धानाची शेती. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात, आमच्या गावातल्या त्या पाचजणींपैकी मी एक. पुढे गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही आले. त्या कामामुळे ज्या कार्यालयांच्या पायऱ्या चढले आणि जे कागद वाचले, त्यातूनच हे लिहिते आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर आमच्या शिवारातल्या पावसाने आलेला नव्हता. वर मध्यप्रदेशात अतोनात पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं गेलं, भंडारा शहराच्या वस्त्या बुडाल्या, खाली गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, आणि मग तेच पाणी आमच्याकडे आलं. आमच्या तालुक्यातलं लाडज हे गाव तर नदीच्या मधोमध आहे. तिथल्या लोकांना बोटींनी काढावं लागलं. आमच्या गावात खालच्या टोलीत (वस्तीत) पाणी शिरलं, धानाच्या बांध्या दिसेनाशा झाल्या. बोटी आल्या, जवान आले, जेवणाची पाकिटं आली. ज्यांनी रात्रीबेरात्री येऊन माणसं काढली त्यांचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

पण पाणी उतरल्यावर काय झालं, ते कुठे छापून आलं नाही. चिखल उपसायला पाणी पाहिजे. भांडी, कपडे, अंथरुणं धुवायला पाणी पाहिजे. लेकराबाळांना प्यायला तर पाहिजेच. आणि नळ बंद. टाकी टेकाडावर कोरडी उभी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पुरात तरी चारी बाजूंनी पाणी होतं, आता तेही नाही." हातपंपांपैकी खालच्या टोलीतले बुडून गेले होते. त्यांच्या ओट्याला तडे गेलेले, तिथून पुराचं घाण पाणी सरळ आत मुरलेलं. लोक तेच पाणी प्यायले, कारण दुसरं नव्हतं. घरोघरी हगवण लागली. आशाताई क्लोरिनच्या गोळ्या घेऊन चिखलातून फिरत होत्या.

पंप का चालू होत नाही हे विचारायला मी आमच्या नळ सोडणाऱ्या भाऊंकडे गेले. ते पंपघराच्या दारात बसून स्टार्टरमधला गाळ लाकडाच्या काडीने काढत होते. मी म्हटलं, मोटर जळली का? ते म्हणाले, "मोटर तं पाण्यातच राहते ना वहिनी, तिले का होते? डब्बा गेला."

सबमर्सिबल मोटर जन्मभर पाण्याखालीच चालण्यासाठी बनवलेली असते. तिला पुराने फारसं काही झालं नव्हतं. गेलं काय, तर भिंतीवरचा डबा. मेन स्विच, स्टार्टर, कपॅसिटर, मीटर, सगळ्यांत बारीक गाळ. मागच्या डीपीत पाणी शिरलेलं. डीपीच्या तेलात पाणी गेलं की ते तेल काढून, डीपी वाळवून, नवं तेल भरून तपासल्याशिवाय चालू करता येत नाही, नाहीतर डीपी उडते. आणि डीपी नेणार कशी? नाल्यावरचा रपटा (ठेंगणा पूल) वाहून गेलेला, गाडी येत नव्हती. म्हणजे अख्ख्या गावाचं पाणी अडलं ते चुकीच्या उंचीवर बसवलेल्या सामानामुळे, हे मला त्या दिवशी कळलं. नदीला कोणी थांबवू शकत नव्हतं, पण तो डबा कोणीही उचलून वर लावू शकला असता.

मग तो आधीच वर का नव्हता? हे विचारत गेले तेव्हा उत्तर एकाकडेही नव्हतं. विहीर आणि पंपघर एका कार्यालयाने बांधून गावाच्या ताब्यात दिलेलं. डीपी दुसऱ्याची. नदी तिसऱ्याची, धरण चौथ्याचं, रपटा पाचव्याचा. पंचनामा करायला आले त्यांनी घर, धान, जनावरं लिहून घेतली, ते त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी नीट केलं. पंपघराचं म्हटलं तर म्हणाले, त्याचा प्रस्ताव वेगळा जातो. एका कार्यालयात साहेब मला समजावून म्हणाले की ताई, योजना हस्तांतरित झाली आहे, आता देखभाल गावाची. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की डीपी जिथे आहे तिथे नियमाप्रमाणेच आहे, हलवायची तर खर्च गावाने भरावा. प्रत्येकजण आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होता. आणि तरी गावाला पाणी नव्हतं.

नंतर मला दुरुस्तीच्या पैशांचा हिशेब कळला, आणि सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते तेव्हा. आपत्तीनंतर राज्याच्या आपत्ती प्रतिसाद निधीतून पाणीयोजनेचे पंप, हातपंपांचे ओटे, विजेचे खांब आणि डीपी यांची तातडीची दुरुस्ती करता येते. ती सोय आहे आणि ती असायलाच पाहिजे. पण तातडीची दुरुस्ती म्हणजे होतं तसं पुन्हा उभं करणं. होतं तसं म्हणजे होतं तिथेच, होतं त्याच उंचीवर. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र आपत्तीच्या पैशाचे दोन भाग पाडले, ८० टक्के मदत आणि दुरुस्तीसाठी, २० टक्के आपत्ती येण्याआधीच तिचा जोर कमी करण्यासाठी. हा २० टक्क्यांचा भाग आमच्यासारख्या पंपघरांसाठीच असायला पाहिजे, पण तो मागायचा तर प्रस्ताव पूर येण्याआधी लिहावा लागतो, आणि पूर नसताना पुराचं कोणाला सुचत नाही.

कायदाही मी वाचला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा, त्यात कुठली ठिकाणं धोक्यात आहेत आणि धोका कमी करायला काय करणार हे लिहायचं. कलम ४१ मध्ये स्थानिक संस्थांचीही कामं दिली आहेत. आपल्या हद्दीतली बांधकामं आपत्ती टाळण्यासाठी ठरवलेल्या मानकांप्रमाणे आहेत हे पाहणं त्यात आहे, म्हणजे ग्रामपंचायतीलाही हात झटकता येत नाहीत. शिवाय आपल्या राज्यात नद्यांना निळी आणि लाल अशा पूररेषा आखण्याची पद्धत आहे. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल. घर बांधायची परवानगी मागायला गेलं की या रेषा निघतात. आमचं पंपघर कुठल्या रेषेच्या आत आहे, हे ते बांधताना कोणी पाहिलं असेल असं मला तरी वाटत नाही. माणसाच्या घराला जो नियम, तो हजार लोकांच्या पाण्याला का नको?

घरी हे बोलायला लागले की मामाजी, म्हणजे माझे सासरे, मोवाडचं नाव काढतात. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. मामाजी सांगतात की त्यानंतर कित्येक वर्षं नदीकाठच्या गावांत नुसतं पाणी वाढलं तरी लोक पोरांना घेऊन बसून राहायचे. ते भय आता राहिलं नाही, आणि भय गेलं तसा नदीचा अदमासही गेला. जुन्या लोकांनी आमचं मूळ गाव टेकाडावर वसवलं होतं. मंदिर, शाळा, जुनी घरं आजवर कधी बुडाली नाहीत. नवं जे जे आलं ते खाली आलं, कारण मोकळी जागा खालीच होती.

एक गोष्ट मला २०२२ च्या पावसाळ्यात समजली. आम्ही सगळे पूर समोरून येईल म्हणून नदीकडे बघत बसलो होतो, आणि पाणी आलं मागून. नदी भरली की नाल्याचं पाणी नदीत जाऊ शकत नाही. उलट नदीचा फुगवटा नाल्यातून वर चढतो. त्याच वेळी आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाट, वाहत होता, ते पाणीही नाल्यातच आलं. दोन्ही पाणी मध्ये भेटलं आणि नदीपासून लांब असलेलं आरोग्य उपकेंद्र पाण्यात उभं राहिलं. त्याआधी रपटा बुडाला होता. रपटा बुडाला की लाईनमन गावात येऊ शकत नाही, गावातली बाळंतीण बाहेर जाऊ शकत नाही. वीज गेली की टॉवरची बॅटरी संपते, मग फोनही जातो. धरणातून आणखी पाणी सोडणार हा निरोप मग कोणाला आणि कसा कळणार? त्या दिवशी कोतवालाने टोलीटोलीत जाऊन दवंडी दिली. मंदिराचा भोंगा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला, आणि लोक वेळेत वर आले.

मामा तलावांबद्दल थोडं लिहिते, कारण झाडीपट्टीबाहेरच्या लोकांना ते ठाऊक नसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) काळचे हजारो तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचं मोठं नाव. पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी जायला सलंग, अशी त्यांची रचना. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पूर्वी गावातली माणसं उन्हाळ्यात गाळ काढायची, तो गाळ बांध्यांत टाकायची, पाळीवर माती चढवायची, कारण तलाव फुटला तर आपलंच धान जाईल हे ठाऊक होतं. आता तलावात गाळ साठला आहे. पहिल्या दोन मोठ्या पावसांत तो भरतो आणि तिसरा पाऊस सरळ नाल्यात उतरतो. आमच्या तलावाच्या सलंगासमोर झुडपं वाढलेली होती आणि एकाने तिथपर्यंत धुरा (शेताचा बांध) सरकवला होता. गोसीखुर्दचं दार आमच्या हातात नाही. पण सलंगाचं तोंड मोकळं ठेवणं पूर्णपणे आमच्या हातात आहे. धरणाचा निरोप वेळेवर आणि समजेल अशा भाषेत देणं ही वरच्या लोकांची जबाबदारी, ती त्यांनी पाळलीच पाहिजे. त्यांचं काम राहिलं म्हणून आमचं काम माफ होत नाही, आणि आमचं राहिलं म्हणून त्यांचंही नाही.

ग्रामसभेत मी हे मांडलं तेव्हा सुरुवातीला कोणी लक्ष दिलं नाही. विषय घरकुल आणि रस्त्याचे. मग मी पिशवीतून बाटली काढली. आमच्या किटमध्ये जिवाणू तपासायची एक बाटली असते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, पाण्यात घाण असली तर ते काळं पडतं. खालच्या टोलीतल्या बुडालेल्या हातपंपाच्या पाण्याची बाटली शाईसारखी काळी झाली होती. टेकाडावरच्या हातपंपाची तशीच स्वच्छ. दोन्ही टेबलावर ठेवल्या. मागे बसलेल्या बाया उठून पुढे आल्या. एका आजीने विचारलं, "हेच पाणी का माझ्या नातवाले पाजलं?" त्यानंतर घरकुलाचा विषय मागे गेला.

त्याच सभेत ठरलं की पॅनल, म्हणजे तो स्टार्टरचा डबा, नदीकाठावरून हलवायचं. गावातल्या गवंडीदादांनी पाण्याची लेव्हल नळी आणली. पंपघराच्या भिंतीवर २०२० च्या पाण्याची गाळाची रेघ अजून दिसत होती, दाराच्या चौकटीच्याही वर. तिथून नळी धरत धरत आम्ही गावाकडे येत गेलो आणि रस्त्याच्या वळणावर, बाभळीखाली, ती रेघ जमिनीला टेकली. म्हणजे त्याच्या वरच्या जागेत पॅनल बसवायचं. मी विचारलं, इतकं लांब चालेल का? भाऊ म्हणाले, चालेल, पण केबल जाड घ्यावी लागेल, नाहीतर वाटेत व्होल्टेज पडते आणि मोटर तापते. तालुक्याच्या अभियंत्यांनीही तेच सांगितलं आणि अंदाजपत्रक करून दिलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या गावाला येणाऱ्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव होता, त्यातून ते बसलं. आता जमिनीपासून उंच लोखंडी चौकटीवर पत्र्याचं छत घालून पॅनल उभं आहे. काम मोठं नव्हतं. मोठ्या कामांसारखं त्याचं उद्घाटनही झालं नाही.

टीसीएल पावडरची (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची) पोती पूर्वी पंपघरात जमिनीवर असायची. पुरात सगळ्यात जास्त गरज ज्या वस्तूची, तीच सगळ्यात आधी वाहून जायची. आता ती शाळेच्या वरच्या कोरड्या खोलीत, फळीवर, तोंड बांधून असते. ओल लागली की पावडरीतला क्लोरिन उडून जातो, म्हणून नुसतं पोतं आहे एवढं पुरत नाही, उन्हाळ्याअखेर ताजी आणावी लागते. पूर उतरला की विहिरीत आणि टाकीत जास्तीची मात्रा, मग टोकाच्या नळाला तपासणी. शेवटच्या घरात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत मी कोणाला पाणी उकळल्याशिवाय पिऊ देत नाही. पाण्याच्या सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. आमच्याकडे सध्या हिरवं आहे, पण ते पुरानंतरच्या आठवड्यात टिकलं तर खरं.

शाळेच्या भिंतीवर आम्ही एक मोठा चौकोन रंगवला. त्यात पुराची रेघ, आणि कोणी काय करायचं ते नावासकट. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की दवंडी कोणी द्यायची. रपटा बुडायच्या आत लाईनमनला बोलावून डीपीचा डीओ (वीज तोडायचा खांबावरचा फ्यूज) कोणी काढून घ्यायचा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण वीज चालू असताना डीपीपर्यंत पाणी चढलं तर त्या पाण्यात पाय ठेवणारा माणूस आणि जनावर दोघंही जातात, आणि घाईघाईत पंप बंद करायला आमचे भाऊच पहिले धावतात. टाकी काठोकाठ भरून कोणी ठेवायची. गरोदर बायकांची यादी कोणाकडे. गडचिरोलीच्या दुर्गम गावांत पावसाळ्याआधी चार महिन्यांचं धान्य पोचवून ठेवतात. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता तुटतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती तयारी आधी होते. धान्याची होते तशी पाण्याची आणि विजेचीही व्हायला हवी.

राहिली डीपी. ती अजून नदीकाठीच आहे. पॅनल वर आलं, पण वीज त्याच बुडणाऱ्या डीपीतून येते, त्यामुळे पूर आला तर पंप तरीही बंद पडणार, फक्त पाणी उतरल्यावर लवकर चालू होईल. खर्च कोणी भरायचा यावर पत्रं चालू आहेत. माझं मत मी प्रत्येक पत्रात लिहिलं आहे: गावाने मागितली म्हणून डीपी हलवायची असती तर गावाने भरणं रास्त होतं. ही तर पूर येतो म्हणून हलवायची आहे, ती पुन्हा बुडली तर नवी बसवायचा खर्च सरकारी तिजोरीतूनच होणार आहे, तोही लोकांचे हाल झाल्यावर. मग तोच पैसा आधी का लावू नये?

१ मेच्या ग्रामसभेत डीपीचा ठराव पुन्हा घेणार आहोत. या वेळी तो जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात आमच्या पंपघराचं नाव घालावं या मागणीसह थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, सोबत लेव्हल नळीने काढलेल्या उंचीचा नकाशा आणि २०२० च्या रेघेचा फोटो. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, इरई यांच्या काठच्या कुठल्या गावाने आपली डीपी पूररेषेच्या वर घेऊन दाखवली असेल, तर तिचा खर्च कुठल्या निधीतून झाला आणि ठरावात नेमके काय शब्द लिहिले होते, ते मला कळवा. ठराव लिहायला बसायच्या आत ते हाताशी असलं तर आमचं काम सोपं होईल.